मेल्यावर मागितलेली पावती

कुमासीच्या बाजारात मी मर्तिकाला नेसायचं काळं आणि लाल कापड विकते. बारशाचं पांढरं कापड विकणाऱ्या बायका माझ्या शेजारीच बसतात, पण त्यांना गिऱ्हाइकाची वाट बघावी लागते. बारशाला माणूस जुनंच नेसून जातो. मर्तिकाला जुनं नेसून गेलं तर लोक बोलतात. त्यामुळे गावातलं मरण बहुधा मला आधी कळतं, आणि त्या मरणावर मुलं किती खर्च करणार, कूळ किती करणार आणि कोण नुसतंच मोठ्याने रडणार, हे मी गिऱ्हाईक कापडाला हात कसा लावतं त्यावरून सांगते. फारशी चुकत नाही.

माझा भाऊ दोम्फे गेला तेव्हा चुकले. मला वाटलं, महिनाभरात मातीत जाईल. माणूस सरळ, मुलगा राजधानीत, आक्राला, चांगल्या नोकरीत, बायको खमकी, अडणार कशाला?

दोम्फे माझा मावसभाऊ. आमच्यात मावसभाऊ म्हणजे भाऊच, कारण माणूस आईच्या कुळाचा. बायको-मुलांनी शवपेटी आणावी, रडावं, पाहुण्यांना जेवू घालावं. मातीत ठेवायचा हक्क कुळाचा. म्हणून कुळात कुणी गेलं की प्रत्येक कमावत्या माणसाने मर्तिकाची वर्गणी द्यायची आणि पावती घ्यायची. जो देत राहिला त्याच्यासाठी कुळाचा ढोल वाजतो. जो थकला त्याची बाकी आधी मुलांनी भरायची, आणि मग मंडपात माइकवरून गावाला सांगितलं जातं, की अमुक माणसाची थकबाकी त्याच्या मुलांनी भागवली. पैसे किती होते ते लोक आठवड्यात विसरतात. ते वाक्य नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकतं.

आता दोम्फे म्हणजे थकणारा माणूस नव्हे. आयुष्यभर त्याने कोकोची पोती तोलली, एका खरेदी कंपनीच्या गोदामात. तोलणाऱ्यावर शेतकऱ्याचाही संशय आणि मालकाचाही, त्यामुळे हातात कागद असल्याशिवाय त्याचा जीव शांत होत नसे. दूधपावडरीच्या मोठ्या डब्यात त्याच्या पावत्या असत. कुळाच्या वर्गणीच्या तर असतच, पण रॉकेलच्या, सायकलच्या टायरच्या, कुठल्याशा ईस्टरला आणलेल्या बकरीचीसुद्धा.

“दादा,” मी एकदा म्हटलं, “बकरी पाहुण्यांनी कधीच पचवली. पावती अजून का सांभाळतोस?”

“बकरी भांडायला येणार नाही,” तो म्हणाला. “विकणारा येईल.”

मी हसले. कोनादू वहिनी हसली नाही. तो डबा तिच्या खाटेखाली होता आणि झुरळं तिच्या अंगावर चढत होती.

त्या झुरळांपायीच पुढचं सगळं झालं. ओबेंग, त्यांचा मुलगा, आक्राला हिशेबतपासनीस आहे. लोकांच्या वह्या तपासायच्या आणि त्यांना घाम फोडायचा त्याला पगार मिळतो. एका नाताळात तो घरी आला तेव्हा वहिनी म्हणाली, बाबांचा डबा जरा आवर. त्याने चटई पसरली, वर्षावार ढीग लावले, आणि आईला समजावून सांगितलं की सरकारचा नियम सहा वर्षांचा आहे. कर खातंसुद्धा त्यापलीकडचं मागत नाही. सहा वर्षांच्या आतलं डब्यात, बाहेरचं चुलीत. वहिनीने त्याच जाळावर पामच्या फळांचं सूप उकळलं.

संध्याकाळी दोम्फे शेतावरून आला. डबा उचलला, त्याच्या वजनावरूनच त्याला कळलं. तोलणारा माणूस.

“उरलेलं कुठंय?”

“बाबा, सहा वर्षांनंतर कायद्याने त्याची गरज नसते.”

दोम्फेने हात धुतले, जेवायला बसला, सुपात बोट बुडवलं आणि पानावरून उठला. “सरकार सहा वर्षांनी विसरतं,” तो म्हणाला. “तुझ्या आज्याचा भाऊ विसरतो का, ते त्याला विचारलंस?” आणि त्यानंतर त्याने ओबेंगच्या हातात बसचं तिकीटसुद्धा दिलं नाही.

इथे दोम्फेचं थोडं चुकलं. त्वुमासी मामा हा ओबेंगच्या आज्याचा नव्हे, आजीचा भाऊ. दोम्फेचा आणि माझाही मामा, आमच्या कुळाचा प्रमुख. दोम्फे रागावला की नात्यांची गल्लत करायचा. बाकी म्हणाला ते खरंच निघालं, पण ते खरं ठरवायला त्याला मरावं लागलं.

*

मधल्या काळात कुळात आणखी एक गोष्ट घडली. आमचा खजिनदार न्यार्को. त्याच्या घरी लाकडी पेटीत कुळाच्या जुन्या वह्या आणि पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती असत. ती पेटी त्याने मातीच्या जमिनीवर ठेवली होती, खाली दोन विटा ठेवायचे कष्ट न घेता. एके दिवशी झाकण उघडलं तर आत वाळवीने केलेली माती. आठ वर्षांचा जुना हिशेब वाळवीच्या पोटात.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? बैठक बोलावली असती, माझा गलथानपणा झाला म्हणून माफी मागितली असती, दारूची बाटली ठेवली असती आणि नवीन वही उघडली असती. मामाने आणि न्यार्कोने यातलं काही केलं नाही. त्यांनी विचार केला, की ज्या आठ वर्षांची वही नाही त्या आठ वर्षांची वर्गणी आली की नाही हे सांगणार कोण? ज्याच्याकडे पावती असेल तो. ज्याच्याकडे नसेल त्याने पुन्हा भरावी.

पण जिवंत माणसाकडे हे मागायचं कसं? जिवंत माणूस भांडतो. म्हणून वसुली मेलेल्यांपासून सुरू झाली.

पहिला गेला तो लाकूड कापणारा अब्रेफी. त्याच्या बायकोकडे पावत्या कुठून असणार, तिच्या घराला कुलूपसुद्धा नव्हतं. तिने कर्ज काढून पैसे भरले. काळं कापड तिने माझ्याकडून उधारीवर नेलं, म्हणून मला माहीत. दुसरी गेली आंबवलेल्या मक्याचं कॅन्के विकणारी आमची एक मावशी. तिच्या मुली भांडायच्या आधीच रडायला लागल्या, आणि रडताना माणूस पैसे लवकर देतो. तिसरा दोम्फे.

आठव्या दिवशी बैठक बसली. उजवीकडून डावीकडे हात मिळवून झाले, पाणी फिरलं, मामाने घसा साफ केला.

“दोम्फे आमचा लाडका भाचा,” तो म्हणाला. मामा असा सुरू झाला की मी पदराला गाठ मारते. “पण कुळाची वही कुणाचा लाडका ओळखत नाही. आठ वर्षांची वर्गणी दिसत नाही. मुलाने पावत्या आणाव्यात, नाहीतर पाच हजार सेडी भरावेत. मग तारीख ठरवू.”

“वही दिसत नाही, की वर्गणी दिसत नाही?” मी विचारलं.

“सेर्वा, तू कापड विक.”

“विकतेच आहे. तुमच्या कृपेने आठवडाआड गिऱ्हाईक येतं.”

लोक हसले, मामा नाही. ओबेंगकडे मी बघितलं. सहा वर्षांचा कायदा सांगणारं पोर मान खाली घालून बसलं होतं. त्याने जाळलेल्या ढिगात ती आठ वर्षं होती, अगदी नेमकी.

*

घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात ओबेंगने खिशातून फोन काढला.

“आई, पाच हजार म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. मी न्यार्कोकाकांच्या मोबाईलवर आत्ता पाठवतो. शवागाराचं भाडं रोज चढतंय. बाबांना तिथं ठेवून आपण कुणाशी भांडतोय?”

वहिनी कसावा सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, उठली आणि त्याच्या हातावर अशी चापट मारली की फोन कोंबड्यांच्या पाण्यात पडला.

“पाठव,” ती म्हणाली. “पाठव ना! आणि मग माइकवरून ऐक. ‘दोम्फेची थकबाकी मुलाने भागवली.’ ज्या माणसाने मला माहेरी जाताना गाडीभाड्यातून उरलेली नाणी मोजून परत मागितली, तो कुळाचे पैसे बुडवून मेला! असं ऐकायचंय तुला?”

“आई, लोक विसरतात.”

“तू विसरतोस. सहा वर्षांनी.” ती खाली बसली, परत उठली. राग आला की तिला बसवत नाही. “हे बघ. ते बुडव्या म्हणून त्याला पुरणार असतील तर मी त्या पेटीमागे चालणार नाही. माझ्या नवऱ्यामागे चालेन, त्यांच्या थकबाकीदारामागे नाही. एक दमडी द्यायची नाही. दोनदा तर नाहीच नाही.”

ओबेंग माझ्याकडे वळला. “आत्या, तू तरी समजाव.”

“मी काय समजावू? तुझी आई बरोबर बोलतेय.”

“पण पुरावा कुठंय?”

“सुपात होता,” वहिनी म्हणाली. “खाल्लास तू.”

त्यानंतरचे आठवडे मला बाजारात कापड मोजताना हात आखडल्यासारखे गेले. एका कुळाची मी आणि माझ्याच कुळाने माझ्या भावाला बर्फात ठेवलेलं. गिऱ्हाइकं विचारायची, दोम्फेचं कधी? मी म्हणायचे, वाळवीचं पोट रिकामं झालं की. कापड घ्यायचं तर घ्या. दोन वेळा मामाकडे गेले. पहिल्या वेळी तो म्हणाला, नियम नियम असतो. दुसऱ्या वेळी त्याने मला कॅन्के आणि तळलेला मासा खाऊ घातला आणि हळूच म्हणाला, “अगं, कुळाकडे पैसाच नाही. वही गेली म्हणजे सगळंच गेलं. कुठून तरी भरून काढायला नको?”

“मग न्यार्कोकडून भरून काढा. पेटीखाली विटा त्याने ठेवायच्या होत्या.”

“न्यार्को माझा भाचा आहे.”

“आणि दोम्फे कोण होता? पाव्हणा?”

मासा मी अर्धा टाकून आले. मासा चांगला होता. अजून वाईट वाटतं.

*

दुसरी बैठक कुळाच्या मोठ्या अंगणात बसली. या वेळी गर्दी होती. गावात सगळ्यांना कळलं होतं, आणि ज्यांना काही देणंघेणं नव्हतं तेही आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते. वहिनी तांबड्या कापडात, डोकं बांधून, खाली चटईवर. विधवेने बैठकीत बोलायचं नसतं. तिच्या माहेरचा माणूस तिच्या वतीने बोलतो. तिने मध्येच तोंड उघडलं तर दंड एक बाटली श्नाप्स, म्हणजे कडक दारू.

तिच्या माहेरचा माणूस, एक मऊ बोलणारा मास्तर, उठला आणि फार विनयाने म्हणाला की दिवंगत दोम्फे हे कर्तव्यदक्ष गृहस्थ होते, पावत्या अनवधानाने नष्ट झाल्या, कुळाने सहानुभूतीपूर्वक विचार करावा.

“सहानुभूती आहेच,” मामा म्हणाला. “पावती नाही.”

मास्तर बसला. त्याला अजून बोलायचं होतं, पण शब्द जड असल्यामुळे उचलायला वेळ लागत होता.

तेव्हा वहिनी उठली. तिने चटईखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली, कागद सोडला, आणि मामाच्या पायांपुढे हिरवी श्नाप्सची बाटली आपटून ठेवली. फुटली कशी नाही कोण जाणे.

“हा माझा दंड,” ती म्हणाली. “आधी भरते. आता बोलते.”

मग मागून कुणीतरी शिट्टी वाजवली.

“कोनादू, खाली बस,” मामा म्हणाला.

“दंड घेतलाय तुम्ही. आता बोलायचा माझा पैसा पोहोचला. न्यार्को, बाटलीची पावती फाड.”

न्यार्कोने मामाकडे बघितलं. मामाने काही खूण केली नाही, कारण हे असं याआधी कधी झालंच नव्हतं. न्यार्कोने पावतीपुस्तक मांडीवर घेतलं आणि लिहायला लागला.

“नीट लिही. माझं नाव लिही, दोम्फेचं नको. त्याच्या नावावर तुम्ही पुष्कळ लिहिलंय.” मग ती वळली. “नाना त्वुमासी. तुमची वही वाळवीने खाल्ली. बरोबर?”

“ते सगळ्यांना माहीत आहे.”

“म्हणजे त्या आठ वर्षांत कुणी दिलं नि कुणी नाही, हे तुम्हालाही माहीत नाही. ज्याच्याकडे पावती त्याने दिलं. हाच नियम ना?”

“हाच.”

“मग दाखवा.”

“काय दाखवू?”

“तुमची पावती! त्या आठ वर्षांतली एक. एकच दाखवा, मी आत्ता पाच हजार मोजते.”

मामा हसला, पण चेहऱ्याच्या एकाच बाजूने. “मी प्रमुख आहे. माझी वर्गणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाते.”

“दोम्फेची काय रात्री चोरून जात होती? त्याच टेबलाशी उभं राहून द्यायचा तो. तुम्हीच पैसे मोजून घ्यायचात. बरं, तुमची राहू दे. न्यार्को, तुझी?”

न्यार्कोने पावतीपुस्तक मिटलं. “माझ्याकडच्या स्थळप्रती तर...”

“स्थळप्रती वाळवीकडे. पावती विचारतेय. तुला पावती फाडून कोण द्यायचं? सेर्वा, तुझ्याकडे?”

माझ्याकडे मागच्या तीन वर्षांच्या होत्या, त्याही गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांत मिसळलेल्या. मी रिकामे हात वर केले. इतक्या आनंदाने मी याआधी कधी थकबाकीदार झाले नव्हते.

वहिनी एकेकाकडे बोट करत गेली. पेट्रोलपंपावरचा भाचा. “नाही मामी.” शाळेतली शिक्षिका. तिने पर्समध्ये बघितल्यासारखं केलं. मामाचे धाकटे भाऊ, दोघेही, एकाच वेळी नाही म्हणाले. लंडनहून आलेला एकजण म्हणाला, आपल्याकडे सगळं मेलवर आहे, आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुळाला मेल नसतो.

“नाही, नाही, नाही,” वहिनी म्हणाली. आवाज आता फाटायला लागला होता. “तुम्ही सगळे बुडवे! सगळे! फरक एवढाच की तुम्ही अजून श्वास घेताय आणि माझा माणूस तिकडे फ्रीजमध्ये पडलाय. त्याच्या तोंडात कापूस आहे म्हणून तुम्हाला जोर आलाय. तो उठून बसला असता ना, तर एकानेही विचारलं नसतं. एकानेही! विचारायची छाती होती कुणाची?”

तेवढ्यात खुर्च्यांच्या मागून आवाज आला, “माझ्याकडे आहेत.”

ताविया आजी. कुळातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत भांडखोर बाई. बाजारात कोलाफळं विकत तिने आयुष्य काढलं, आणि तिच्याकडून फळ घेताना लोक आधी बोटं मोजून घेत. तिने कमरेचं कापड सोडलं. त्याच्या टोकाला मुठीएवढी गाठ होती. दातांनी सोडली. आत पावत्या, घडीवर घडी, कोलाने पिवळ्या पडलेल्या, एकीला एक चिकटलेल्या.

मामाचा जीव भांड्यात पडला. तो उठूनच उभा राहिला. “बघा! बघा सगळ्यांनी! म्हातारं माणूस जपतं, मग बाकीच्यांना काय धाड भरली होती? आजीने का ठेवल्या?”

“तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून,” आजी म्हणाली.

आता हसणं आवरणं कुणालाच जमलं नाही. मास्तरसुद्धा हसला, पण लगेच खोकला.

“हसू नका,” आजी म्हणाली. “तुमच्या नियमाने मला एक कळलं. या कुळात मरायला मोकळी मी एकटी. बाकीच्या सगळ्यांची बाकी आहे. पण त्वुमासी, मला एक सांग. मी मेले की मला पुरणार कोण? तुम्ही तर सगळे थकबाकीदार. थकबाकीदाराला कुळातल्या शवपेटीला हात लावता येत नाही. मी काय स्वतः चालत जाऊ?”

ट्रक चालवणारा एक भाचा मागून ओरडला, “आणि मी उद्या रस्त्यावर मेलो तर? माझी पोरं लहान आहेत. त्यांच्याकडून काढणार का आठ वर्षांचे?”

“माझ्या आईकडून काढले ना,” कॅन्केवाल्या मावशीची मुलगी म्हणाली, आणि या वेळी ती रडत नव्हती.

मग सगळेच बोलायला लागले. दोन खुर्च्या पडल्या. न्यार्कोने पावतीपुस्तक बुडाखाली घेतलं, कुणी ओढून नेऊ नये म्हणून. मामाने दोन्ही हात वर केले. बैठक अशी हाताबाहेर गेली की वडीलधारे बाजूला जाऊन विचार करतात, आणि उठताना ठरलेलं वाक्य म्हणतात. मामाने तेच म्हटलं: “थांबा. आम्ही म्हातारीला विचारून येतो.”

आता ती म्हातारी कुणी खरी नसते. ती म्हणायची पद्धत. वडीलधारे घरामागे जातात, आपसात खुसफुसतात, परत येतात आणि म्हातारीने असं सांगितलं म्हणतात. मामा आणि त्याचे भाऊ उठले, कापडं सावरली, आणि निघाले.

“कुठं निघालात?” ताविया आजीने काठी आडवी घातली. “म्हातारी इथं बसलीय. विचारा.”

मामा थांबला. इतकी वर्षं तो त्या म्हातारीच्या तोंडाने आपलंच बोलत आला होता. ती अशी पावत्या मांडीवर घेऊन समोर बसेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नसेल.

“विचार की.”

“आजी,” मामा म्हणाला, हळू, “दोम्फेचं काय करायचं?”

“शनिवारी पुरायचं. ढोलासकट. आणि ज्याची वही वाळवीने खाल्ली त्याने दुसऱ्याची पावती मागायची नाही. आता जा मागे, मोठी चर्चा करून या, आणि म्हातारी काय म्हणाली ते सगळ्यांना सांगा.”

ते खरंच मागे गेले. तेवढी इभ्रत त्यांना हवी होती. परत येऊन मामाने सांगितलं, म्हातारी अमुक म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी ते नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं.

वहिनी मात्र अजून उभीच होती.

“शवागाराचं भाडं,” ती म्हणाली. “पहिल्या बैठकीपासून आजपर्यंतचं. तुम्ही ठेवलंत, तुम्ही भरा.”

“कोनादू, आता पुरे कर.”

“बाटलीभर बोलायचंय मला. अजून संपली नाही.”

भाडं कुळाने भरलं. भावांनी खिसे चाचपले, लंडनवाल्याने सगळ्यांत जास्त दिलं, कारण सगळ्यांत जास्त लाज त्याला परवडत होती. अब्रेफीच्या बायकोचे आणि मावशीच्या मुलींचे पैसे परत द्या, असं मी त्याच बैठकीत म्हटलं. मामा म्हणाला, पुढच्या बैठकीत बघू. त्यानंतर तीन बैठका झाल्या. प्रत्येकीत मी विचारते, प्रत्येकीत पुढची बैठक निघते. अब्रेफीच्या बायकोची कापडाची उधारी मी खोडून टाकली आहे, पण त्यात कुळाचं काय गेलं? माझं गेलं.

*

शनिवारी दोम्फेला पुरलं. मंडपात माइकवर सांगणाऱ्याला वहिनीने वाक्य लिहून दिलं होतं आणि तो वाचेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली: कुळाचं दोम्फेकडे काही येणं राहिलेलं नाही. त्याने एकदा वाचलं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने दुसऱ्यांदा वाचलं, जरा सावकाश. ढोल वाजला. ती पेटीमागे चालली, सगळ्यांच्या पुढे, आणि तेव्हा कुठे रडली. ते रडणंसुद्धा असं होतं, की बाजूच्या बायका दोन पावलं लांबून चालत होत्या.

मातीआधी मामाने बाटली हातात घेतली. झाकणात श्नाप्स ओतून तो जमिनीवर शिंपडायला लागला. “दोम्फे, ये, हे घे. तुझ्या कुळाने तुला दिलेलं हे पेय...”

“थांबा,” वहिनी म्हणाली.

मामाचा हात हवेत थांबला. बाटली हिरवी होती. तीच होती, दंडाची. नवी आणायला पैसा कशाला घालवायचा, असा विचार कुळाने केला असणार. आमच्या कुळाला मी ओळखते.

“कुळाने दिलेलं नाही,” ती म्हणाली. “बाटली माझी आहे. त्याला सांगा कुणाची आहे ते. मेलेल्याशी तरी खोटं बोलू नका.”

मामाने माझ्याकडे बघितलं. मी कबरीकडे बघितलं.

“दोम्फे,” मामा म्हणाला, “हे तुझ्या बायकोने पाठवलेलं आहे. तिच्या दंडातलं.”

“आता शिंपडा.”

त्याने शिंपडलं.

घरी परतताना न्यार्को मागून धावत आला. त्या दिवशी गोंधळात बाटलीची पावती द्यायची राहून गेली होती, ती त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. वहिनीने ती उन्हात धरून नाव वाचलं, तारीख वाचली, सही आहे का बघितलं, मग घडी करून कमरेच्या कापडाच्या टोकाला गाठीत बांधली. ताविया आजीसारखी.

ओबेंगला हसू आलं. बापाला पुरून येतानाचं, थकलेलं हसू. “आई, एका बाटलीची पावती? ती आता कशाला सांभाळायची?”

तिने गाठ दातांनी आवळली. ती हसली नाही.

“सहा वर्षांनी सांगते,” ती म्हणाली.